कुठेच नाही जमलं तर एनजीओत?

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, कुठल्याही गावातल्या अभ्यासिकेत तासभर बसा. एक वाक्य हमखास कानावर येतं. "भरतीत नाही झालं, तर बघू एखाद्या एनजीओत." बोलणारा पोलीस भरतीचं ग्राउंड दोनदा देऊन आलेला असतो, किंवा तलाठ्याच्या यादीत थोडक्या गुणांनी राहिलेला असतो. त्याच्या डोक्यात नोकऱ्यांची उतरंड पक्की आहे. सगळ्यात वर सरकारी, मग बँक, मग कंपनी, मग शाळा-कॉलेज आणि तळाला संस्था. तळाला आहे म्हणजे सोपी असणार, असा त्याचा हिशेब.

मी गेली अकरा वर्षं याच जिल्ह्यात स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करते आहे. घरोघर सर्व्हे करणारी कार्यकर्ती म्हणून लागले, आता नवीन लोक घेताना मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसते. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्यात सर्वांत जास्त नुकसान आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलामुलींचं होतं.

आधी आकडे बघू. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या जवळपास होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. परीक्षेची फी खुल्या गटाला १००० रुपये आणि राखीव गटाला ९०० रुपये होती. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले. तिथे एका जागेला साधारण शंभर जण झाले.

आता आपल्या जिल्ह्यातली एखाद्या संस्थेची तालुका समन्वयकाची जागा घ्या. तिच्यासाठी आलेले अर्ज एका फाईलमध्ये मावतात. त्यातले काही जण पत्ता बघूनच गळतात, काही जण पगार ऐकून, आणि "गावात मुक्काम करावा लागेल" म्हटल्यावर आणखी काही जण. शेवटी मुलाखतीला मोजकेच लोक समोर बसतात. एवढंच पाहिलं तर आमचा अभ्यासिकेतला मित्र बरोबर वाटेल. कुठे दोनशे आणि कुठे मूठभर!

पण हे दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. तलाठ्याच्या आकड्यात फी भरून फॉर्म टाकणारा प्रत्येक जण मोजला आहे. त्यातले बरेच जण परीक्षेलाही बसत नाहीत, आणि तोच मुलगा पोलीस, वनरक्षक, जिल्हा परिषद अशा सगळ्या फॉर्ममध्ये पुन्हा पुन्हा मोजला जातो. गंभीरपणे तयारी केलेल्याची खरी लढत त्यातल्या थोड्यांशीच असते. संस्थेच्या जागेचं नेमकं उलट आहे. तिथे फक्त ज्यांना जागेची खबर लागली तेच मोजले जातात. ज्यांना खबरच लागली नाही, ते कुठल्याच आकड्यात येत नाहीत. मूठभर अर्ज आले म्हणजे स्पर्धा कमी होती असं नाही. जागा निघाली होती हे बाकीच्यांना कळलंच नव्हतं.

तलाठ्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते, यूट्यूबवर तिचे शेकडो व्हिडिओ निघतात, चहाच्या टपरीवर तिची चर्चा होते. संस्थेची जागा कशी भरते? संचालक आपल्या जुन्या कार्यकर्त्याला फोन करतात, "कुणी चांगला पोरगा असेल तर सांग." कार्यकर्ता आपल्या भाच्याला किंवा कॉलेजच्या मित्राला सांगतो. फार तर समाजकार्य महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो. मोठी संस्था असेल तर डेव्हनेटजॉब्जइंडियासारख्या वेबसाइटवर किंवा लिंक्डइनवर इंग्रजीत जाहिरात येते. या तिन्ही वाटांवर आपल्यातलं कोण आहे? संस्थेत काका नाही, समाजकार्याची पदवी नाही, लिंक्डइनवर खातं नाही. मग बार्शी नाक्याजवळ राहणाऱ्या, बी.ए. झालेल्या मुलीला कळणार कुठून की तिच्याच शहरात एक जागा निघाली आणि भरलीही?

यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. छोट्या संस्थेला जाहिरातीचा खर्च परवडत नाही, आणि ओळखीतला माणूस पैशाच्या बाबतीत विश्वासाचा वाटतो. पण ओळखीतून माणसं घेतली की ज्यांची ओळख आधीपासून आहे त्यांचेच लोक पुन्हा आत येतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आयएएसमध्ये मुस्लिम तीन टक्के आणि आयपीएसमध्ये चार टक्के असल्याचं आलं, आणि देशभर त्यावर चर्चा झाली. संस्थांच्या कर्मचाऱ्यांची अशी मोजणी करायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण त्या चांगलं काम करतात आणि चांगलं काम करणाऱ्यांना हा प्रश्न विचारायचा नसतो, असा आपला समज.

खासगी कंपन्यांबाबत हा प्रश्न विचारला गेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवले. २००७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश निघाली. २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशनने असाच प्रयोग मुलींच्या नावांवर केला. एकच बायोडेटा, एकावर नाव प्रियांका शर्मा, दुसऱ्यावर हबीबा अली. एक हजार जागांसाठी अर्ज केले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३ ठिकाणांहून. म्हणजे हबीबाला तेवढीच उत्तरं मिळवायला दुप्पट अर्ज करावे लागतील.

सरकारी परीक्षेत निदान पेपर तपासताना नाव दिसत नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी चालवलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीमुळे बागवान, तांबोळी, अत्तार अशा बिरादऱ्यांतल्या मुलांना तिथे ओबीसीचा दाखलाही उपयोगी पडतो. संस्थेत असा नियम नाही. तिथे कुणाला घ्यायचं हे पूर्णपणे आतल्या माणसांच्या मनावर असतं. माझाच एक अनुभव आहे. मी पूर्वी जिथे काम करायचे त्या संस्थेत वस्तीतल्या बायकांच्या आरोग्याचं काम निघालं की मला बोलावलं जायचं, कारण वस्ती आपली. पाणलोटाचं, शेतीचं किंवा हिशेबाचं काम निघालं की माझं नाव कुणाला आठवत नसे. मुस्लिम कार्यकर्ती मुस्लिम वस्तीपुरती, अशी ती वाटणी कुणी न ठरवता ठरलेली होती. आत शिरल्यावरही स्पर्धा संपत नाही, असं मी म्हणते ते यामुळे.

आता मोठ्या नावांकडे वळू. टीच फॉर इंडिया २००९ पासून दोन वर्षांची फेलोशिप चालवते. एसबीआय यूथ फॉर इंडियामध्ये २१ ते ३२ वयाचे पदवीधर तेरा महिने खेड्यात संस्थांबरोबर काम करतात. मुख्यमंत्री फेलोशिप सरकारची आहे, पण तिचे दरवाजे याच क्षेत्रात उघडतात. तिच्या जागा ६०, वयाची अट २१ ते २६ आणि पदवीला ६० टक्के. अशा ठिकाणी दिल्ली-मुंबईच्या नामांकित कॉलेजांतली आणि आयआयटीतली मुलं अर्ज करतात. निबंध लिहावे लागतात, गटचर्चा होते, मुलाखतीत "तुम्ही आजवर स्वतःहून काय केलं?" असं विचारतात. इथली चढाओढ तलाठ्यापेक्षा कमी नाही, फक्त तिच्यासाठी बीडमध्ये एकही क्लास नाही. म्हणजे वरच्या जागा खूप कठीण आहेत आणि खालच्या जागा दिसत नाहीत. "कुठेच नाही जमलं तर" म्हणून हात घालावा अशी सोपी जागा या दोन्हींच्या मध्ये फारशी उरत नाही.

आणि मिळालेली जागा टिकतेच असंही नाही. २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशातून आलेला निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे परदेशी निधी येण्याची वाट त्यामुळे बंद झाली. जून २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने निधीअभावी शंभरहून अधिक कंत्राटी लोकांना काम संपल्याच्या नोटिसा दिल्या. गदारोळ झाल्यावर दोन-तीन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. पण ज्या संस्थेत समाजकार्य शिकवतात तिथेच ही गत, तर आपली काय कथा? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि आपल्या देशातल्या आरोग्य प्रकल्पांतली माणसं घरी बसली. कंपन्यांच्या सीएसआरची मदत होते, पण कायदाच म्हणतो की कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. बीडमध्ये मोठ्या कंपन्या आहेत किती?

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग त्या वाटेला जायचंच कशाला? अम्मी-अब्बांचंही म्हणणं तेच असतं. पगार कमी, नोकरी प्रकल्प संपेपर्यंतची, आणि लग्नाच्या बोलणीत "संस्थेत आहे" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्यांची काळजी खोटी नाही. पगाराऐवजी 'मानधन' हा शब्द वापरून माणसाकडून बारा तास काम करून घेणाऱ्या संस्था आहेत, आणि सेवेचं नाव पुढे करून पीएफ बुडवणाऱ्याही आहेत.

तरीही मी या कामात राहिले, कारण या जिल्ह्यात ते काम खरंच पडलेलं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. आपल्याच गल्लीतल्या, आपल्याच शेजारच्या तांड्यावरच्या बाया. त्यांच्या घरात जाऊन, त्यांचा विश्वास मिळवून, त्यांनी सांगितलेलं नीट लिहून आणणारी माणसं नसती तर हा आकडा कागदावर आला नसता. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये मानवलोक सुरू केली. दुष्काळ आणि पाणी हे तिचे विषय, आणि शैला लोहिया यांच्या मनस्विनीने बायकांचे प्रश्न घेतले. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचं शांतिवन ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवतं. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या ज्या तीन तालुक्यांत झाली त्यात आपलं अंबाजोगाई होतं. अशा कामांना माणसं लागतात आणि ती याच मातीतली लागतात. पुण्याहून आलेला फेलो वर्षभरात परत जातो.

या कामात आपल्याकडे एक पात्रता अशी आहे जी आपण कधी बायोडेटात लिहीत नाही. आपल्याला मराठी येते आणि दखनी येते. सर्व्हेचा कागद घेऊन वस्तीत गेलं की दारातली आजी आधी विचारते, "पैले बी आये थे लोगाँ, लिखके ले गये, क्या हुआ उसका?" तिला तिच्या बोलीत उत्तर देणं आणि तेच संध्याकाळी शुद्ध मराठीत अहवालात उतरवणं, हे काम बाहेरून आलेल्या एम.एस.डब्ल्यू.ला जमेलच असं नाही. फक्त ही पात्रता वस्तीपुरती न ठेवता पाणी, शेती, हिशेब सगळीकडे आपली जागा मागायला हवी.

मग करायचं काय? भरती सोडा असं मी म्हणत नाही. पण अभ्यासिकेत चार-पाच वर्षं घालवून मग शेवटची सोय म्हणून संस्थेच्या दारात येऊ नका. तोवर तिथल्या कामाचा अनुभव असलेला दुसरा कुणीतरी तुमच्या पुढे गेलेला असतो. तयारी चालू असतानाच थोडी पावलं टाका. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर जिल्ह्यानुसार संस्थांची यादी मिळते. त्यातल्या बऱ्याच नुसत्या कागदावर असतात, म्हणून पाच-सात खऱ्या चालणाऱ्या शोधा आणि प्रत्यक्ष जाऊन भेटा. केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात खर्च केला ते दिसतं, तेही बघा. आपल्या वॉर्डातल्या पाण्याच्या नळावर किंवा अंगणवाडीवर एक पानाचा अहवाल मराठीत लिहा. किती घरं, काय अडचण, कुणाशी बोललात, पुढे काय करता येईल. मुलाखतीत मी पदवीच्या आधी असं पान मागते, आणि बहुतेकांकडे ते नसतं. एक्सेल शिका. दुचाकीचं लायसन्स काढा, आणि मुलींना हे विशेष सांगते. गावोगाव फिरायची नोकरी गाडीशिवाय होत नाही. लायसन्स नाही म्हणून हुशार मुली मागे पडताना मी पाहिल्या आहेत. शिकायचंच असेल तर अंबाजोगाईत समाजकार्य महाविद्यालय आहे, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेची 'निर्माण' शिबिरं २००६ पासून तरुणांसाठी चालतात.

आणि जागा मिळाली की हात जोडून नुसतं हो म्हणू नका. प्रकल्प कधी संपतो? नेमणुकीचं पत्र मिळेल का? प्रवासखर्च वेगळा की पगारातच? संस्थेत वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफचा कायदा तिलाही लागू आहे, तो कापला जातो का? असं विचारणं म्हणजे सेवाभाव कमी असणं नव्हे. वस्तीतल्या लोकांना हक्क सांगायला जाणाऱ्याला स्वतःचे हक्क माहीत असायलाच हवेत.

संस्थाचालकांनाही माझं सांगणं आहे. जागा निघाली की मराठीत एक पान जाहिरात काढा. पगार त्यात लिहा. कॉलेजच्या, उर्दू शाळेच्या, पंचायत समितीच्या फलकावर ती लावा, दहा दिवस मुदत द्या, आणि ज्यांना घेतलं नाही त्यांना तसं कळवा. याला खर्च झेरॉक्सचा येतो. तुमच्या ओळखीतला माणूसच सर्वांत चांगला असेल तर तो या वाटेनेही निवडला जाईल.

शेवटचं सांगणं आपल्याच लोकांना. आपल्या शिक्षणसंस्था, ट्रस्ट, वसतिगृहं, जकातीवर चालणाऱ्या मदतसंस्था कमी नाहीत. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याच हक्काच्या आडोशाला कित्येक ठिकाणी अध्यक्षांचा पुतण्या शिक्षक होतो आणि सेक्रेटरींची सून क्लार्क होते. जाहिरात निघत नाही, निघाली तर आधीच ठरलेलं असतं, आणि काही ठिकाणी जागेचा भावही ठरलेला असतो. गरीब घरातली गुणवान मुलगी तिथेही बाहेरच राहते, आणि तिथे तर तिचं नाव हबीबा असणं आडवं येत नाही. हा हक्क सगळ्या समाजाला दिलेला आहे, एका घराण्याला नाही.

बाहेरच्या संस्थांनी आपल्याला मोजलं नाही, ही तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे. ती करताना आपल्या मोहल्ल्यातल्या संस्थेलाही विचारू या : गेल्या पाच वर्षांत किती जागा भरल्या, त्यातल्या किती जाहिरात देऊन भरल्या, आणि निवडलेल्यांत कमिटीचे नातेवाईक किती? मार्चनंतर बहुतेक ट्रस्टचे हिशेब होतात, सभा होतात. जे सभासद आहेत त्यांनी तिथे उभं राहून हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी मागावं.